शाळेच्या हिशेबात नसलेला बाप

वाद घालण्याची आपल्याकडे एक जुनी शिस्त आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की त्या बाजूच्या माणसाने ऐकला तर आपलेच म्हणणे कोणीतरी नीट सांगतो आहे असे त्याला वाटावे. उत्तराची पाळी त्यानंतरची. अमेरिकेतील कृष्णवर्णीय वडील आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण या विषयावर गेली साठ वर्षे तिकडे वाद चालू आहे, पण ही शिस्त त्यात फारशी पाळली गेलेली नाही. एका बाजूने बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे आणि दुसऱ्या बाजूने विषय काढणाऱ्यालाच वंशद्वेष्टा म्हणायचे, यात मूल आणि त्याची शाळा बाजूलाच राहिली. मराठी वाचकाला हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. त्याच काळात तिकडे नुकते मुक्त झालेले आईबाप आपल्या मुलांसाठी शाळा उभारत होते. पुढच्या संवादातला उत्तरपक्ष माझा आहे. पूर्वपक्षही मी प्रामाणिकपणे मांडला आहे, कारण त्यातले काही मुद्दे खरे आहेत.

पूर्वपक्ष: आकड्यांपासूनच सुरुवात करू, म्हणजे भावनेचा प्रश्न उरणार नाही. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९६५ साली अमेरिकेच्या मजूर खात्यासाठी कृष्णवर्णीय कुटुंबावर अहवाल लिहिला. तेव्हा त्या समाजातली साधारण एक चतुर्थांश मुले अविवाहित मातांच्या पोटी जन्मत होती, आणि मॉयनिहन यांना तेवढ्यानेच धोका दिसला. आज ते प्रमाण शंभरात सत्तरच्या आसपास आहे. प्यू संशोधन केंद्राने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ४४ टक्के कृष्णवर्णीय वडील आपल्या निदान एका मुलापासून वेगळे राहत होते. गोऱ्या वडिलांत हे प्रमाण २१ टक्के होते. ज्या घरात बाप राहतच नाही, तिथे त्याने गृहपाठ केव्हा पाहायचा आणि पालकसभेला कोणी जायचे? हे बोलणारे सगळे गोरे आहेत असेही नाही. २००८ च्या फादर्स डेला बराक ओबामा शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका चर्चमध्ये याच विषयावर बोलले, आणि ते स्वतः वडिलांविना वाढले होते. शाळांचे दोष असतील, सरकारचेही असतील. पण घरातली रिकामी जागा शाळेने भरून निघत नाही.

उत्तरपक्ष: तुमचे आकडे बरोबर आहेत आणि मी ते नाकारणार नाही. अडचण आकड्यांत नाही, त्यांवरून तुम्ही ज्या निष्कर्षावर येता त्यात आहे. आईबापांचे लग्न झाले नाही म्हणजे बाप घरात नाही, आणि घरात नाही म्हणजे त्याला मुलाच्या शिक्षणाची फिकीर नाही, अशा दोन उड्या तुम्ही एकापाठोपाठ मारता. लग्न न करता एकत्र राहणारी जोडपी पुष्कळ आहेत, त्यामुळे पहिली उडी अर्धवट पडते. दुसरी तपासायला चांगले साधन उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने डिसेंबर २०१३ मध्ये एक अहवाल काढला. १५ ते ४४ वयाच्या पुरुषांच्या, २००६ ते २०१० या काळातल्या मुलाखतींवर तो आधारलेला आहे. पाच ते अठरा वयाच्या मुलांबरोबर एका घरात राहणाऱ्या वडिलांपैकी मुलांचा गृहपाठ रोज घेणारे किती, असे त्यात विचारले होते. कृष्णवर्णीय वडिलांत हे प्रमाण ४१ टक्के निघाले, गोऱ्या वडिलांत २८ टक्के आणि हिस्पॅनिक वडिलांत २९ टक्के. पाच वर्षांखालच्या मुलांना रोज आंघोळ घालणे, कपडे घालणे, लंगोट बदलणे या कामांत कृष्णवर्णीय वडील ७० टक्के होते आणि गोरे ६० टक्के. ज्या माणसांबद्दल साठ वर्षे एकच गोष्ट सांगितली गेली, त्यांची एका छपराखालची वागणूक त्या गोष्टीशी जुळत नाही. वेगळे राहणाऱ्या वडिलांचे आकडे मात्र सगळ्याच वंशांत खाली कोसळतात, आणि तिथेही कृष्णवर्णीय वडील इतरांच्या मागे नाहीत. मुलाच्या अभ्यासातला बापाचा वाटा ठरतो तो आधी राहण्याच्या जागेवरून. कातडीच्या रंगावरून किंवा मनातल्या मायेवरून ठरल्याचा पुरावा या पाहणीत सापडत नाही.

पूर्वपक्ष: त्या पाहणीत वडिलांनी स्वतःबद्दल स्वतःच सांगितले आहे. ‘मी रोज गृहपाठ घेतो’ असे म्हणायला काय जाते? आणि त्याहून मोठी गोम वेगळीच आहे. कृष्णवर्णीय वडिलांपैकी जे घरात टिकले, ते मुळातच अधिक निष्ठेचे असणार. चाळणीतून उरलेल्यांची सरासरी काढायची, ती सगळ्यांच्या सरासरीशेजारी ठेवायची आणि वर म्हणायचे की हे पुढे आहेत, याला काय अर्थ?

उत्तरपक्ष: स्वतःबद्दल वाढवून सांगण्याचा मोह सगळ्याच बापांना असतो. तो एकाच वंशात जास्त असतो हे दाखवल्याशिवाय तुलना मोडत नाही. चाळणीचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो मी पुढेही नेतो: घरातले आणि घराबाहेरचे अशा दोन्ही गटांत कृष्णवर्णीय वडील बरोबरीने किंवा पुढे असूनही सगळ्यांना मिळून घेतले तर मुलांना मिळणारा बापाचा सहवास कमी भरू शकतो, कारण त्यांच्यात घराबाहेरचा गट इतरांपेक्षा मोठा आहे. ती कमतरता खरी आहे आणि मुलांना ती जाणवते. पण एवढे मान्य केल्यावर प्रश्न बदलतो. बाप घराबाहेर का आहे, आणि घराबाहेर असलेल्या बापाला मुलाच्या शाळेत जागा आहे का, हे विचारावे लागते. दुसऱ्या प्रश्नाला एक जुने आणि दुर्लक्षित उत्तर आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या सांख्यिकी केंद्राने १९९६ च्या देशव्यापी घरगुती पाहणीवरून वडिलांच्या शाळेतल्या सहभागाचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. दोन्ही पालक एकत्र असलेल्या घरांतही शाळेत जास्त सहभाग असणारे वडील २७ टक्के होते आणि आया ५६ टक्के. म्हणजे बापाने शाळा आईवर सोडणे हा काही एका वंशाचा रोग नव्हे. वेगळे राहणाऱ्या वडिलांत हे प्रमाण ९ टक्के होते. पण त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वेगळा राहणारा बाप मुलाला नुसता भेटत राहिला तर शाळेतल्या प्रगतीत फारसा फरक दिसत नव्हता. तोच बाप शाळेच्या सभेला, वर्गशिक्षकांच्या भेटीला किंवा मुलाच्या कार्यक्रमाला जात असेल, तर मूल त्याच इयत्तेत पुन्हा बसण्याचे प्रमाण कमी होते. घरातली रिकामी जागा भरत नाही असे तुम्ही म्हणालात. शाळेतली जागा भरली तर मुलाला त्याचा उपयोग होतो, असे हा पुरावा सुचवतो.

पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे बाप घराबाहेर का गेला याकडे, जाण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. कृष्णवर्णीय बाप आणि शाळा यांचा संबंध १९६५ च्या अहवालापासून सुरू होत नाही. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. त्या बंदीतून सुटलेल्या पिढीच्या मुलानातवंडांनी १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून दक्षिणेत पाच हजारांच्या आसपास शाळा बांधल्या. नाव रोझेनवाल्ड यांचे लागले, पण त्यांनी दिलेल्या रकमेपेक्षा कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी उभी केलेली रक्कम थोडी जास्तच भरते. त्यात शेतमजुरांनी आणि खंडकऱ्यांनी दिलेली जमीन, लाकूड आणि अंगमेहनत आहे. कर ते आधीच भरत होते. तो गोऱ्या मुलांच्या शाळांवर खर्च होई आणि आपल्या मुलांसाठी हे दुसऱ्यांदा भरत.

त्यानंतरची दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरेंडन परगण्याची गोष्ट मला या सगळ्या वादाच्या मध्यभागी ठेवावीशी वाटते. तिथे गोऱ्या मुलांना शाळेत न्यायला तीस बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांना एकही नव्हती. लेव्ही पिअरसन या शेतकऱ्याची मुले मैलोन्‌मैल चालत शाळेत जात. १९४७ साली त्याने बससाठी अर्ज केला आणि पुढे खटला भरला. १९४८ मध्ये तो फेटाळला गेला, कारण काय, तर त्याची जमीन शाळांच्या हद्दीच्या रेषेवर येते. कोर्टात हरलेल्या पिअरसनची गावात उधारी बंद झाली. तरी लोक थांबले नाहीत. पुढच्या मोठ्या खटल्यात पहिले नाव हॅरी ब्रिग्जचे होते. नौदलात नोकरी करून आलेला हा माणूस पेट्रोल पंपावर काम करत असे. खटल्याच्या अर्जावर सही केल्यावर त्याची नोकरी गेली, त्याच्या बायकोचीही गेली. गावात कोणी काम देईना, तेव्हा तो फ्लोरिडाला गेला आणि तिथून घरी पैसे पाठवू लागला. त्याचा खटला पुढे इतर चार खटल्यांबरोबर एकत्र झाला आणि शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राऊन निकाल म्हणून जगभर गाजला. त्या निकालाला ज्याचे नाव आहे तो ऑलिव्हर ब्राऊनही एक बाप होता. टोपिका शहरात रेल्वेच्या कारखान्यात तो वेल्डिंगचे काम करी. घराजवळच्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेत तो मुलीचे नाव घालायला गेला आणि नकार घेऊन परतला. टोपिकातल्या तेरा फिर्यादी पालकांत बारा आया होत्या आणि एकटा तो पुरुष. आता हॅरी ब्रिग्जकडे आपल्या आजच्या मोजपट्टीने पाहा. तो मुलांपासून दूर राहणारा बाप ठरेल, पालकसभेत गैरहजर ठरेल, गृहपाठाच्या रकान्यात शून्य मिळवेल. अमेरिकेतल्या शाळा ज्यामुळे बदलल्या, ते त्याचे काम मोजायला या मोजपट्टीत रकानाच नाही.

पूर्वपक्ष: ही माणसे थोर होती, वाद नाही. पण तुमचा हा इतिहास माझ्याच बाजूने साक्ष देतो. अन्याय जास्त होता तेव्हा कुटुंबे टिकून होती. कायदे बदलले, दारे उघडली, आणि त्यानंतर कुटुंबे मोडली. मग कारण अन्यायात कसे असेल? रीतिरिवाजच बिघडले असे का म्हणू नये?

उत्तरपक्ष: त्या नंतरच्या वर्षांत नक्की काय झाले ते क्रमाने पाहिल्याशिवाय मी तसे म्हणणार नाही. दक्षिणेतून उत्तरेत गेलेली ही कुटुंबे तिथल्या ज्या कारखान्यांच्या पगारावर उभी होती, ते साठीच्या दशकानंतर शहरांतून उठू लागले. गंमत अशी की मॉयनिहन यांच्या अहवालातही बेकारीवर जोर होता; वाचणाऱ्यांनी तो भाग सोडून कुटुंबाच्या विकृतीचा भाग तेवढा उचलला. गरीब आईला मिळणाऱ्या सरकारी मदतीला अनेक राज्यांनी अट घातली होती की घरात धडधाकट पुरुष दिसला तर मदत बंद. अलाबामाने तर आईकडे येजा करणाऱ्या कोणत्याही पुरुषाला ‘पर्यायी बाप’ ठरवून मुलांचा निर्वाह तोडला. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रद्द केला. तोवर किती घरांत बापाने बाहेर राहणे हाच मुलांना जेवू घालण्याचा मार्ग झाला असेल, याचा विचार करा. त्यानंतर आले तुरुंग. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्सच्या २०१० च्या अहवालानुसार दर नऊ कृष्णवर्णीय मुलांपैकी एकाचे आई किंवा वडील त्या वेळी तुरुंगात होते; गोऱ्या मुलांत दर ५७ मध्ये एकाचे. ॲना हॅस्किन्स आणि वेड जेकबसन यांनी २०१७ साली दाखवले की बाप तुरुंगात गेलेल्या कुटुंबांत बापाचा शाळेतला सहभाग घटतो; आईच्या सहभागाशी हा संबंध मात्र त्याहून कमकुवत दिसतो. त्यांनी दिलेले कारण ऐकण्यासारखे आहे: ज्याची एकदा पोलिसांशी, कोर्टाशी गाठ पडली, तो नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेपासून लांब राहू लागतो. शाळाही नाव विचारते, ओळखपत्र मागते, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या दारात गणवेशातला पोलिस उभा असतो. पोटगी थकलेली असेल तर भीती आणखी वाढते. हा माणूस शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत फिरला, तर वर्गशिक्षिकेला तो बेफिकीर दिसतो. रीतिरिवाज बदलले असतील, मी तो दरवाजा बंद करत नाही. पण इतकी ढळढळीत कारणे समोर असताना सगळे ओझे रीतिरिवाजांवर टाकणे मला न्यायाचे वाटत नाही.

पूर्वपक्ष: मग मी दुसऱ्या टोकाकडून विचारतो. समजा प्रत्येक बाप शाळेत पोचला. त्याने होणार काय? कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस यांनी २०१४ साली पालकांच्या सहभागावर मोठे पुस्तक लिहिले. दशकांची माहिती चाळून त्यांना आढळले की पालकांच्या बहुतेक प्रकारच्या सहभागाने मुलांचे गुण वाढत नाहीत, आणि गृहपाठात मदत केल्याने कधी कधी ते घटतात. म्हणजे तुमचे ते ४१ टक्के बाप एक निरुपयोगी काम इतरांपेक्षा जास्त करत होते. सहभागाचा एवढा गाजावाजा कशासाठी?

उत्तरपक्ष: हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे आणि त्यानेच माझे म्हणणे नेमके व्हायला मदत होते. गृहपाठाचे आकडे मी दिले ते एका आरोपाला उत्तर म्हणून. बाप बेफिकीर नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. गृहपाठाला बसल्याने मूल हुशार होते, असा माझा दावा नाही. शिवाय ज्याचे गुण घसरलेत त्याच्याच शेजारी आईबाप जास्त बसतात, हेही या आकडेवारीतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. रॉबिन्सन आणि हॅरिस यांच्याशेजारी आणखी दोन कामे ठेवा. विल्यम जेन्स यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सभांना हजर राहण्यापेक्षा आईबापांची मुलाकडून असलेली अपेक्षा अधिक परिणाम करताना दिसली. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ साली माध्यमिक वयाच्या मुलांवरचे अभ्यास तपासले. पुढे काय शिकायचे, शिक्षणाचा आयुष्याशी संबंध काय, याबद्दल घरात होणारे बोलणे सर्वांत उपयोगी ठरले आणि गृहपाठातली मदत सर्वांत मागे पडली. आता हे ध्यानात घ्या की अशा बोलण्याला एका छपराची गरज नाही. आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणारा बापही ते करू शकतो. पण त्यासाठी त्याला मुलाचे शाळेत काय चालले आहे ते माहीत असायला हवे, गणिताच्या कोणत्या तुकडीत बसवले, शिक्षकांची तक्रार काय, प्रगतिपुस्तक कधी मिळाले. ही माहिती शाळेकडे असते आणि बहुतेक वेळा ती एकाच पत्त्यावर जाते.

गुणांच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे आणि कृष्णवर्णीय मुलाच्या बाबतीत ती गुणांइतकीच मोठी आहे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली दाखवले की सरकारी शाळांतल्या मुलांत कृष्णवर्णीय मुले १५.५ टक्के होती, पण शाळेतून तात्पुरते काढलेल्यांत सुमारे ३९ टक्के. २०१३-१४ च्या नोंदींनुसार बालवाडीतसुद्धा हेच होते: पटावर १९ टक्के, निलंबितांत ४७ टक्के. चार वर्षांच्या मुलाला शाळेतून घरी पाठवतात तेव्हा गृहपाठ घेणाऱ्या पालकाचा काही उपयोग नसतो. तिथे हवा असतो मुख्याध्यापकांसमोर बसून ‘याच चुकीसाठी दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली?’ असे विचारणारा पालक. आणि हा पालक शाळेला आवडत नाही. ॲनेट लारो आणि एरिन हॉरवट यांनी १९९९ साली तिसरीतल्या मुलांच्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकांना शाळेवर विश्वास ठेवणारे, कौतुक करणारे पालक हवे असतात असे त्यात दिसले. शाळांचा भेदभावाचा इतिहास माहीत असलेले आईबाप तो विश्वास घेऊन येऊच शकत नव्हते, आणि ज्यांनी उघड हरकत घेतली ते शिक्षकांच्या लेखी त्रासदायक ठरले. ज्या कृष्णवर्णीय पालकांनी आपला संशय मनात दाबून गोड शब्दांत पाठपुरावा केला, त्यांचे काम झाले. उंचापुऱ्या, मोठ्या आवाजाच्या बापाला हा गोडवा किती दाखवावा लागत असेल! म्हणून माझे म्हणणे हे आहे: ज्या एका कामी हा बाप मुलाच्या सर्वांत उपयोगी पडतो, म्हणजे शाळेला जाब विचारणे, तेच काम शाळा सहभागात धरत नाही, उलट त्याच्या नावावर दोष म्हणून लिहिते. पिअरसन आणि ब्रिग्ज यांच्या गावातही हेच झाले होते.

पूर्वपक्ष: एक प्रश्न मराठी माणसाच्या मनातला विचारतो. आपली माणसे अमेरिकेत गेली. तीही गोरी नाहीत, त्यांनाही वर्णभेद भोगावा लागला, तरी त्यांची मुले शाळेत पुढे आहेत. तिथे बाप घरात असतो, अभ्यास घेतो. मग यांनाच काय अडचण?

उत्तरपक्ष: १९६५ साली, मॉयनिहन यांचा अहवाल आला त्याच वर्षी, अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला. त्याने आपल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडले, आणि उघडताना पदवी पाहून आत घेतले. पुण्यामुंबईतून गेलेले आईबाप निवडून घेतलेले होते. त्यांचा निकाल सगळ्या भारतीयांचा निकाल नाही, तर तीनशे वर्षे गुलामी आणि वेगळ्या शाळा भोगलेल्या समाजाशी त्याची तुलना कशी होईल? वंशावरून कोटा ठरवणारा जुना स्थलांतर कायदा टिकणे अवघड झाले ते नागरी हक्कांच्या चळवळीच्या वातावरणात. त्या चळवळीत हॅरी ब्रिग्जसारख्यांनी नोकऱ्या गमावल्या. तिकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ही तुलना करण्याआधी तेवढे ऋण मानावे असे मला मनापासून वाटते.

पूर्वपक्ष: ठीक. पण मग करायचे काय? शाळेत वडिलांसाठी नाश्ता ठेवायचा, फोटो काढायचे आणि घरी जायचे? असले सोहळे मी पुष्कळ वाचले आहेत.

उत्तरपक्ष: सोहळ्याने सगळे साधत नाही, हे खरेच. तरी त्यांना झटकून टाकू नका, कारण त्यांतून एक माहिती मिळते. २०१७-१८ च्या शालेय वर्षात डॅलसच्या दक्षिण भागातल्या बिली अर्ल डेड शाळेने वडिलांबरोबर नाश्त्याचा कार्यक्रम ठरवला. ज्या मुलांचे वडील येऊ शकणार नव्हते त्यांच्यासाठी पन्नास पुरुष हवेत असे आवाहन केले. आले सहाशेच्या आसपास. शिकागोच्या ब्लॅक स्टार प्रोजेक्टने २००४ पासून ‘मिलियन फादर मार्च’ सुरू केला, म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी वडिलांनी मुलांना हाताला धरून शाळेत पोचवायचे, आणि तो अनेक शहरांत पसरला. लुईझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या साउथवुड हायस्कूलमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात मारामाऱ्यांवरून तीन दिवसांत २३ मुलांना अटक झाली. त्यानंतर चाळीसेक वडील पाळ्या लावून शाळेच्या व्हरांड्यांत उभे राहू लागले. बोलावले की माणसे येतात, हे यातून नक्की कळते. आणि बाप शाळेत आला की त्याचा उपयोग त्याच्या एकट्याच्या मुलालाच होतो असेही नाही. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली सुमारे दोन कोटी अमेरिकनांच्या नोंदी तपासल्या. ज्या वस्तीत कृष्णवर्णीय वडील घरात असण्याचे प्रमाण जास्त, तिथले कृष्णवर्णीय मुलगे मोठेपणी अधिक कमावतात. स्वतःचा बाप घरात नसला तरी. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, पण तो दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही. त्याच अभ्यासाने तुमच्या पहिल्या मुद्द्याला एक उत्तरही दिले आहे. आईवडिलांचे उत्पन्न सारखे असलेल्या घरांत, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलग्यांच्या पुढच्या कमाईतली दरी आईबापांच्या लग्नाच्या फरकाने फारच थोडी उलगडते.

आता नाश्त्यापलीकडचे. १९७४ च्या संघीय कायद्याने वेगळे राहणाऱ्या पालकालाही मुलाच्या शाळेतल्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. कोर्टाचा स्पष्ट मनाई हुकूम नसेल तर ताबा कोणाकडे आहे याने फरक पडत नाही. पण हक्क पाहण्याचा आहे. शाळेने आपणहून दोन्ही घरी कागद पाठवावेत, असे बंधन त्यातून सहसा येत नाही. नाव नोंदवताना दोन पत्ते घेणे, प्रगतिपुस्तक दोन्हीकडे जाणे, निलंबनाची चौकशी बापाला फोनवरून ऐकता येणे, याला नवा कायदाही लागत नाही. कामाच्या वेळेचा प्रश्न अवघड आहे. तासावर मजुरी घेणाऱ्या माणसाने दुपारी दोनला शिक्षकांना भेटायचे तर पगार बुडतो, कधी नोकरीच जाते. कॅलिफोर्नियाने पंचवीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना कर्मचाऱ्याला मुलाच्या शाळेसाठी वर्षाला चाळीस तासांपर्यंत रजा देणे बंधनकारक केले आहे. संघीय कौटुंबिक रजेच्या कायद्यात मात्र साध्या पालकसभेला जागा नाही. आणि वर्गात शिकवणारे कृष्णवर्णीय पुरुष हवेत. २०२०-२१ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या शंभर शिक्षकांत ते दोनही नव्हते. आपल्या बापासारखा दिसणारा माणूस शाळेत फक्त झाडूवाला किंवा पहारेकरी म्हणून दिसत असेल, तर मूल त्यातून काहीतरी शिकतेच.

पूर्वपक्ष: एवढे सगळे केले, दोन पत्ते घेतले, संध्याकाळी सभा ठेवली, आणि तरी तो आला नाही तर?

उत्तरपक्ष: तर त्याला दोष द्या. असे बाप आहेत, प्रत्येक वंशात आहेत, आणि त्यांच्या मुलांना त्यांना जाब विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मी त्या मुलांच्या मध्ये उभा राहणार नाही. ओबामांचे त्या दिवशीचे बोलणेही मी याच अर्थाने घेतो, ते आपल्या माणसांना आपल्या घरात बोलत होते. माझी हरकत बाहेरून होणाऱ्या मोजणीला आहे. शाळा-मंडळे दरवर्षी पालकांच्या हजेरीचे आकडे काढतात, आणि त्यांवरून समाजाच्या मूल्यांबद्दल बोलले जाते. त्या आकड्यांशेजारी आणखी दोन छापावेत अशी माझी मागणी आहे: पटावरच्या किती मुलांच्या दुसऱ्या पालकाचा पत्ता आणि फोन शाळेकडे आहे, आणि त्या पत्त्यावर वर्षभरात किती पत्रे गेली. हे दोन आकडे ज्या शाळेकडे नाहीत, तिच्या अहवालातून ‘वडील अनुपस्थित’ हा रकाना ते मिळेपर्यंत काढून टाकावा.